झाडू मडावीचा दगड

झाडू मडावी गोळी लागून मेला नाही, हे लोकांच्या पचनी पडायला फार वेळ लागला. गडचिरोलीच्या जंगलात पोलीस गेला म्हटलं, की ऐकणारा आधी विचारतो, "कुठी झाली चकमक?" चकमक कुठेच झाली नव्हती. पेंढरगावच्या आठवडी बाजारात मोहाच्या झाडाखाली जमादार झाडू मडावी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता आणि एका म्हातारीच्या हरवलेल्या कोंबडीची तक्रार ऐकून घेत होता. "थांब वो माय, पाह्यतो," म्हणून तो उठायला गेला आणि खुर्चीसकट आडवा झाला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. कोंबडी मिरचीवाल्याच्या पालाखाली सापडली.

त्यामुळे तो शहीद ठरला नाही. ठाण्याच्या भिंतीवर फोटो लागला, ठाणेदारसाहेब चार चांगले शब्द बोलले आणि तेवढ्यावर सरकारी मान संपला. झाडूची बायको मंगली हिला त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नाही. तिला नवऱ्यासाठी जो मान हवा होता तो सरकारच्या हातातच नव्हता. तिला त्याचा दगड उभा करायचा होता.

येरमटोला हे गोंडांचं गाव. तिथे माणूस नुसता मेल्याने पूर्वजांत जात नाही. गावाबाहेर साजाच्या झाडांखाली दगडांची रांग आहे, कुणी कमरेएवढा, कुणी छातीएवढा, आणि प्रत्येक दगड म्हणजे गावातला एक माणूस. दगड उभा राहिला की माणूस पेनांमध्ये, म्हणजे आपल्या कुळाच्या देवांमध्ये जाऊन बसतो. नवं धान घरात आलं की पहिला घास त्या दगडापुढे ठेवायचा, मग घरच्यांनी जेवायचं. ज्याचा दगडच नाही त्याचा घास ठेवायचा कुठे? तो आपला घराभोवती फिरत राहतो, उपाशी.

आणि झाडू तर भुकेला कच्चा. दिवसभर जंगल तुडवील, पण जेवण टळलं की चेहरा उतरायचा. तरीही पेनाला नवं धान दिल्याशिवाय त्याने आयुष्यात नव्या तांदळाचं शीत तोंडात घातलं नाही. सकाळी वर्दी चढवण्याआधी घरच्या देवखांबाला पाणी घालायचा, जत्रेच्या बंदोबस्ताला उभा असला तरी पेनाची पालखी समोर आली की बूट काढून अनवाणी व्हायचा. एका नव्या साहेबाने त्याला यावरून झापलं होतं. झाडू म्हणाला, "साहेब, सलाम तुमाले बुटात करतो, त्याले बुटाबिगर." जेवायच्या वेळेला झाडू कुठेही असो, त्याचा घरी फोन यायचा, "जेवली का?" मंगलीने हो म्हटल्यावरच तो डबा उघडायचा. ती कधी कधी खोटंच हो म्हणायची, कारण तो भुकेला आहे हे तिला आवाजावरून कळायचं.

असा माणूस उपाशी भटकतोय, हे मंगलीला सहन होत नव्हतं. तो गेल्यापासून तिने नवा तांदूळ खाल्ला नाही. जुना, किडका तांदूळ निवडून शिजवायची. मुलगी नूतन आरमोरीच्या शाळेत शिकवायची. सुटीत आली की त्या भाताकडे पाहून ती ताट बाजूला सारायची. मंगली मात्र मुकाट्याने जेवून उठायची.

या उन्हाळ्यात मोहफूल वेचून झालं की तेंदूपानांचं काम सुरू व्हायच्या आत, गावातल्या राहून गेलेल्या सगळ्या मयतांचे दगड एकाच दिवशी उभे करायचं ठरलं. तसं भुमक्याने जाहीर केलं. भुमका म्हणजे गावाचा पुजारी, बुधू आत्राम. असा दिवस गावाला काही दरवर्षी झेपत नाही. तो चुकला तर पुन्हा कधी, हे बुधूलाही सांगता येत नव्हतं. तोवर मंगली असेल का, हेही कुणी सांगू शकत नव्हतं.

अडचण एकच होती. तिचं नाव चैतू कुमरे, आणि ती मंगलीच्या पाठची होती.

दगड घरच्यांनी उभा करायचा नसतो. मडाव्यांच्या दगडाला मडाव्यांचे हात चालत नाहीत, सोयऱ्यांचे लागतात. आणि खड्ड्यात दगड उतरवताना पहिला हात बायकोच्या भावाचा. ज्या घरची लेक या माणसाने नेली, त्या घराने पुढे होऊन सांगायचं, की हा आमच्याशी बरा नांदला, घ्या याला तुमच्यात. मंगलीला भाऊ एकच. आणि तो झाडूचं नाव काढलं तरी थुंकायचा.

त्याचं असं झालं होतं. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी. देवाला लागते तेवढी मोहाची दारू घरोघरी निघते, तिच्याकडे झाडूने कधी डोळे वटारून पाहिलं नाही. पण चैतू नदीपलीकडून बाटल्यांची पोती आणू लागला आणि गावोगावच्या पोरांना विकू लागला. झाडूने त्याला घरी बोलावून, कोंबडी कापून, जेवू घालून समजावलं. एकदा नव्हे, चांगलं तीन-चारदा. चैतू कोंबडी खायचा आणि हसायचा. बाजारात उभा राहून छाती ठोकून सांगायचा, "माहा जवाई जमादार हाये. मले कोन पकडते?"

झाडूने पकडलं. त्याच बाजारात, भर गर्दीत, मोटारसायकल अडवून. हातकड्या घातल्या आणि कापडाच्या दुकानांपासून भाजीच्या रांगांपर्यंत सगळ्या बाजारातून चालवत ठाण्यात नेलं. मागच्या गल्लीने नेता आलं असतं. पण ज्या बाजारात जमादाराच्या नावावर धंदा चालला, त्याच बाजाराने जमादाराला पाहिलं पाहिजे, असं झाडूचं म्हणणं. चैतूला शिक्षा झाली. धान पिकून उभं असताना तो तुरुंगात होता. मग झाडूने रजा टाकली, वर्दी खुंटीला अडकवली आणि मेव्हण्याच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात उतरून त्याचं धान कापलं, मळलं, कोठीत भरलं. चैतू सुटून आला तेव्हा कोठी भरलेली होती.

त्यानंतर चैतू झाडूशी एक शब्द बोलला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आत टाकलं ते टाकलं, वरून माहं धान कापून ठेवलं. मले शिव्या द्याले बी जागा नाई ठेवली." लोक हसायचे. पण तो काही खोटं बोलत नव्हता. उपकार करणाऱ्यावर उघड रागावता येत नाही, आणि राग तर पोटात असतोच. तो मग कुजतो. झाडूच्या मातीला चैतू आला होता, पण कुंपणाशी उभा राहिला आणि मूठभर माती न टाकता परत गेला.

मोहफुलं वाळत पडली होती तेव्हा मंगली नूतनला घेऊन चैतूच्या गावी, कोसमटोल्याला गेली. चैतू अंगणात खाट विणत बसला होता. त्याची बायको वच्छला पाणी घेऊन आली. मंगलीने आडवळण घेतलं नाही.

"चैतू, तुह्या भाऊजीचा दगड उभा कराचा हाये. तुले याव लागन."

चैतूने दोरी ताणली. "येतो ना. मी कुठी नाई म्हनतो? पन रीत पुरी कर, बाई."

रीत मंगलीला ठाऊक होती. मेलेल्याचं सोयऱ्याशी भांडण राहिलं असेल तर दगडाला हात लावण्याआधी ते मिटवायचं असतं. मेलेला बोलू शकत नाही, म्हणून त्याची बायको त्याच्या वतीने बोलते.

"सगळ्या गावापुढं म्हन, माह्या नवऱ्याचं चुकलं. एवढंच. मी पयला हात लावतो."

"नाई म्हनत," मंगली म्हणाली.

चैतूने पहिल्यांदा मान वर केली. "काऊन?"

"कारन नाई चुकलं."

"मंग तुहा दगड तू पाह्य."

मंगली उठली. पाणी तसंच राहिलं. परतीच्या वाटेवर नूतन म्हणाली, "आई, म्हणून टाक ना. दोन शब्दांनी बाबांना आता काय फरक पडणार आहे?"

"त्यालेच पडते, बाई. मले का पडते?"

बुधू भुमक्यानेही तेच सांगितलं. म्हातारा दहा जागी भांडणं मिटवून मुरलेला. "मंगलीबाई, मेल्यावर मानूस मोठा होते. त्याच्या नावानं मापी मागितली त लहान नाई होत. म्हन आन् मोकळी हो." मंगलीने त्याच्या पाया पडून सांगितलं, की भुमकाबाबा, बाकी काय सांगाल ते करीन. त्याच्या नावाने उपास सांगा, डोंगर चढायला सांगा. हे नाही.

लोक तिला हट्टी म्हणू लागले. ती होतीच. पण तिचा हिशेब सरळ होता. झाडू काही फार मोठा अंमलदार नव्हता, कुठलं मोठं प्रकरण त्याने उघडकीला आणलं नव्हतं. आयुष्यात त्याने एकच अवघड काम केलं, ते म्हणजे घरचा माणूस आणि बाहेरचा माणूस एका मापाने मोजला. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नव्हता, देवखांबाला पाठ टेकून नुसता बसून होता, आणि मंगली त्याच्यावर संतापली होती; भाऊ तिचा होता. तिचा राग उतरायला वर्ष गेलं. पण उतरला तो समजून उतरला. आता तेच चुकलं म्हणून टाकायचं? मग दगड उभा राहील खरा, पण तो झाडूचा नसेल. दुसऱ्याच कुणातरी बऱ्या, गुळमुळीत माणसाचा असेल, आणि त्याच्यापुढे घास ठेवून आपल्या माणसाचं पोट भरणार नाही.

ठाण्यातला शिपाई धनराज झाडूच्या हाताखाली शिकलेला. ही खबर कळल्यावर तो मोटारसायकल पिटाळत आला. "वहिनी, काई टेन्शन घेऊ नका. साहेबाले बोललो मी. जेसीबी आनतो. दगड केवढा बी असो, पाच मिनटात उभा."

"धनराजभाऊ, जेसीबी का त्याची सोयरी हाये?"

धनराज डोकं खाजवत बसला. मग चहा पिऊन गेला.

तेव्हा मंगलीने कामच हातात घेतलं. चैतूचे चुलतभाऊ, तेही कुमरेच, भले लोक होते. ते म्हणाले, दगड आम्ही नाल्यातून आणून देतो, पण खड्ड्यात उतरवणार नाही. तो हक्क चैतूचा. मंगली म्हणाली, आणा तर खरं. त्यांनी नाल्यातला काळा, लांबट, खांद्याएवढा दगड निवडला, वेलींनी बासाला, म्हणजे जाड बांबूला बांधला आणि उचलला. नाल्यावरून येरमटोल्याला सरळ वाट आहे. मंगली पुढे झाली आणि म्हणाली, "कोसमटोल्याहून चला. ती वाट सपाट हाये."

ती वाट सपाट नव्हती. तिच्यात दोन चढ आणि एक कोरडा ओढा होता. पण दुःखात असलेल्या बाईशी कोण वाद घालणार? माणसं घामाने निथळत कोसमटोल्यात शिरली आणि चैतूच्या अंगणापाशी येताच मंगली थांबली.

"दगड जड झाला," ती म्हणाली.

दगड जड होणं ही साधी गोष्ट नाही. मेलेल्याला वाटेत कुठे थांबायचं असेल तर खांद्यावरचा दगड जड होतो, आणि तो जिथे जड होईल तिथेच उतरवावा लागतो. उचलणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना तर तो नाल्यापासूनच जड लागत होता, फक्त कुणीतरी म्हणायची खोटी होती. "हो वो, जड झाला," सगळे एकदम म्हणाले आणि दगड चैतूच्या अंगणात, मांडवाखाली उतरवला.

चैतू घरातून धावत बाहेर आला. "बाई! हे काय लावलं?"

"मी काई नाई लावलं. त्यानंच मुक्काम केला. त्याले विचार."

असा उतरलेला दगड म्हणजे घरचा पाहुणा. त्याला पाणी द्यायचं, हळद लावायची, घरात शिजेल त्यातलं आधी वाढायचं. आणि ज्याच्या अंगणात तो उतरला त्या घरानेच त्याची रवानगी करायची. दुसऱ्या कुणी उचलला तर त्या घराचा अपमान. हे चैतूला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. तो दातओठ खात आत गेला. वच्छला मात्र तांब्या घेऊन बाहेर आली, दगडावर पाणी घातलं आणि डोक्यावर पदर घेऊन वाकली. तिच्या शेतात तिच्या शेजारी उभं राहून याच माणसाने विळा चालवला होता. ती काही विसरली नव्हती.

मग अशी गंमत झाली, की झाडू मडावी मेव्हण्याच्या घरी पाहुणा आहे ही बातमी बाजारात पोचली. माणसं यायला लागली. कोंबडीवाली म्हातारी आली आणि दगडाला म्हणाली, "बाबू, भेटली रे माही कोंबडी." पेंढरगावची शिंपीण आली. तिचा नवरा पिऊन मारायचा. झाडू दर बाजाराच्या दिवशी तिच्या ओट्यावर येऊन बसायचा, चहा मागायचा, नवऱ्याकडे बघत तो हळूहळू प्यायचा आणि निघून जायचा. एकदाही काही बोलला नाही. काही महिन्यांनी मार थांबला. तिने हे चैतूच्या अंगणात बसून सांगितलं आणि चैतूला ऐकावं लागलं, कारण आलेल्यांना चहा देणं घरमालकाचं काम. एक ट्रकवाला आला. याच जमादाराने मला दंड लावला होता, म्हणाला, आणि मग गाडी बंद पडली तेव्हा आपला डबाही दिला होता. "दोन्ही पावत्या हायेत का बे?" असं धनराजने विचारलं तेव्हा सगळे हसले. चैतूही हसला असता, पण वेळीच आवरलं.

तो मागच्या कुंपणाने ये-जा करू लागला. स्वतःच्याच घरात चोरासारखा. मंगली रोज सकाळी चालत यायची, दगडाशी बसायची, ऊन चढलं की परत जायची. भावाकडे बघायची नाही, बोलायची नाही. एकदा चैतूच म्हणाला, "कवरी बसशीन?"

"तो उठेवरी."

दिवस जवळ आला होता. चैतूने दगड तसाच ठेवला तर? झाडू जन्मभर दुसऱ्याच्या अंगणात पाहुणा म्हणून पडून राहील. हे आपण काय करून बसलो, असं तिला येता-जाता वाटायचं. आणि तरीही ते दोन शब्द तिच्या तोंडून निघत नव्हते. एका सकाळी ती वाटेवरच्या आवळीखाली बसून एकटीच रडली, तोंड पुसलं आणि पुढे चालू लागली.

ठरलेल्या दिवशी सकाळीच येरमटोल्याकडून ढोल ऐकू येऊ लागले. मंगली कोसमटोल्याला पोचली तेव्हा अंगणात चुलतभाऊ बास आणि वेली घेऊन बसले होते. बुधू भुमकाही आला होता, नूतन आली होती. दगडाला वच्छलाने ताजी हळद लावली होती. चैतू दाराच्या चौकटीत उभा होता, झोप न झालेल्या डोळ्यांनी.

"म्हन ना वो बाई," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यासारखा कडक नव्हता. "तिकडं ढोल वाजून राह्यले. एक शब्द म्हन. मी काय जास्त मांगून राह्यलो?"

बुधूने मंगलीकडे पाहिलं. नूतनने पाहिलं. सगळ्या अंगणाने पाहिलं.

मंगली उठून भावासमोर आली. "चैतू, तो चुकला असं मी आज बी नाई म्हनत. मेली तरी नाई म्हनत. तू बाटल्या इकून राह्यला होता, पोरं बिघडून राह्यले होते, त्यानं तुले पकडलं. बराबर केलं." चैतूची मान ताठ झाली. तिने त्याचं मनगट धरलं. "पन तुले दुखलं. सगळ्या बजारातून तुले ढोरासारखं नेलं. ज्याच्या घरी तू जेवला, त्यानंच नेलं. कोनी हासलं, कोनी थुकलं. तुले लय दुखलं, माह्या भाऊ. मी तुही बहीन, मले बी तवा तुह्यापाशी येऊन हे म्हनता नाई आलं. त्याले बी नाई आलं. त्याले धान कापता येत होतं, थे कापलं त्यानं. तो चुकला नाई आन् तुले दुखलं. दोन्ही खरं हाये. एकासाठी दुसरं खोटं नाई पाडत मी."

इतकी वर्षं चैतूला सगळ्यांनी सांगितलं होतं, तुझीच चूक, तुला बरी अद्दल घडली, जवाई केवढा भला, कोठी भरून ठेवली. तुला दुखलं असेल, हे कुणी म्हटलं नव्हतं. त्याने मनगट सोडवून घेतलं आणि तोंड भिंतीकडे केलं. माणूस रडतो तेव्हा त्याच्या पाठीकडे बघू नये, म्हणून चुलतभाऊ वेली सारख्या करत बसले.

मग तो वळला. मांडवाखाली गेला, वाकला, दगडाला दोन्ही हात लावले.

"भुमकाबाबा," तो बुधूला म्हणाला, "इनं माहा शब्द त नाई म्हटला. मंग रीत झाली का नाई झाली?"

बुधूने पांढऱ्या भुवया वर केल्या. आयुष्यात असा प्रश्न त्याला कुणी घातला नव्हता. "भांडन मिटलं का?"

"मिटलं."

"मंग रीतीले का पायजे अजून?"

चैतूने बासाचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं. वाटेत चुलतभावांनी खांदा बदलायला सांगितलं, ओढ्यात सांगितलं, दोन्ही चढांवर सांगितलं. तो बदलेना. त्याचा सदरा खांद्यावर फाटला आणि खालची कातडी लाल झाली. मंगली मागून चालत होती. ही वाट आपणच निवडली होती हे आठवून तिला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही तिने पदरात दाबलं.

साजाच्या झाडांखाली गाव जमलं होतं. बाकीचे दगड उभे राहिले होते, फक्त झाडूचा खड्डा मोकळा होता. एका कडेला ठाणेदारसाहेब आणि धनराज उभे होते. धनराजचे बूट त्याच्या हातात होते, ते पाहून साहेबांनीही आपले काढले. चैतू खड्ड्याशी आला. पहिला हात त्याचा लागला, मग बाकीच्या कुमऱ्यांचे. दगड खाली उतरला, डगमगला, आणि चैतूने त्याला छातीशी धरून सरळ केला.

आता सोयऱ्याने बोलायचं असतं. सगळे वाट बघत राहिले.

"हा माहा जवाई," चैतू म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता, तरी तो मोठ्याने बोलत होता. "झाडू मडावी. यानं मले पकडलं आन् यानं माहं धान कापलं. आमच्या घरची पोरगी यानं नेली, तिले उपाशी नाई ठेवलं. आमच्याशी बरा नांदला. घ्या याले तुमच्यात."

माती लोटली गेली. माणसांनी फावड्यांनी ती ठोकून बसवली, भोवती लहान दगड रचले, वर पुन्हा माती टाकली. दगड पक्का झाला. बुधू म्हणाला, "सोड आता, चैतू. बसला तो."

चैतूने सोडला नाही. गाल दगडाला टेकवून, दोन्ही हातांनी तो तसाच धरून उभा राहिला. बुधू पुन्हा म्हणाला, मग चुलतभाऊ म्हणाले, मग वच्छला जवळ जाऊन हळूच काहीतरी म्हणाली. शेवटी सगळ्यांनी मंगलीकडे पाहिलं, की आता हिनेच सांगावं.

मंगलीने सांगितलं नाही. ती खाली, मातीत बसली आणि म्हणाली, "राहू द्या. लय दिवसांनी भेटले."